बाटलीतली रोपे

उसाची लागण करायची तर बी लागत नाही, बेणे लागते. बेण्याच्या कांडीवर डोळा असतो. त्या डोळ्यातून कोंब फुटतो आणि पुढे उभा ऊस तयार होतो. आपल्या नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाची बाग बी पेरून कोणी लावत नाही. आधी खुंट लावतात आणि त्यावर हव्या त्या जातीचे कलम करतात. गुलाबाचा डोळा भरतात. सटाणा-मालेगावकडे डाळिंबाची गुटी बांधतात.

म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून झाड होते, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आपले वाडवडील हे करीतच आले. प्रश्न एवढाच, की हा तुकडा किती लहान चालेल? वीतभर? बोटभर? शास्त्रज्ञांनी हा तुकडा लहान लहान करीत नेला. आज नखाएवढ्या कोंबापासून, कधी कधी तर मोहरीच्या दाण्याहून लहान शेंड्यापासून, काचेच्या बाटलीत रोप तयार करतात. या रीतीला टिश्यू कल्चर म्हणतात. मराठीत ऊतीसंवर्धन. झाडाचे अंग अगदी बारीक पेशींचे बनलेले असते. एका कामाला लागलेल्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. संवर्धन म्हणजे वाढवणे.

केळी-डाळिंबाच्या बागाइतदारांना ही रीत आता ठाऊक आहे. पण रानातल्या औषधी झुडपांशी तिचा काय संबंध? तो आज आपण समजून घेऊ. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या बाजूच्या वाचकांनी हा पाठ जरा सावकाश वाचावा. डोंगर त्यांच्या दाराशी आहे.

औषध मुळात, घावही मुळावर

सर्पगंधा नावाचे एक लहान झुडूप आहे. उंची गुडघ्या-मांडीइतकी. एकेका पेरावर बहुधा तीन-तीन पाने. फुले पांढरी, त्यांत थोडी गुलाबी झाक. फळ वाटाण्याएवढे, पिकले की काळपट जांभळे. कुठे याला अडकई म्हणतात, कुठे हरकी. हिमालयाच्या पायथ्यापासून आपल्या सह्याद्रीच्या दमट रानापर्यंत हे झुडूप सापडते. सदाफुली आणि कण्हेर यांचे हे भाऊबंद.

याचे मूळ चवीला कडूजहर. झोप येत नसेल, माणूस भ्रमिष्ट झाला असेल, तर वैद्य हे मूळ देत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले, की वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर हे मूळ गुणकारी आहे. त्याच सुमारास दिल्लीला सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळातून एक द्रव्य वेगळे काढले आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला अजमलीन नाव दिले. पुढे मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांना हे औषध देऊन नीट टिपणे ठेवली आणि १९४९ साली इंग्लंडमधल्या हृदयरोगाच्या मासिकात ती प्रसिद्ध केली. मग सगळ्या जगाचे डोळे या मुळाकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये या मुळातून रेसरपीन हे द्रव्य शुद्ध रूपात मिळाले. या कामाबद्दल डॉक्टर वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

आपल्या रानातल्या झुडपाचे नाव मोठे झाले. चांगली गोष्ट झाली. पण झुडपाचे काय झाले?

अडुळशाचे औषध पानात असते. पाने तोडली तरी अडुळसा पुन्हा फुटतो. हिरड्याचे औषध फळात असते. फळ वेचले तरी हिरडा उभा राहतो. सर्पगंधेचे औषध मुळात, आणि त्यातही बहुतेक सगळे मुळाच्या सालीत. मूळ काढले की झुडूप संपले. शिवाय मूळ भरायला दोन-तीन वर्षे लागतात. रानात गेलेला माणूस म्हणतो, "मी सोडले तर मागून येणारा घेईल." म्हणून लहानमोठे सगळेच उपटले जाते. फळे पिकून बी पडायलाही वेळ मिळत नाही. आपल्याकडे एखादा कोणाच्या मुळावर उठला असे म्हणतात. इथे झुडपाचा गुणच झुडपाच्या मुळावर उठला.

यात आणखी एक माणूस भरडला जातो. मूळ खणणारा. पहिल्या वर्षी त्याला पाडयाजवळ मूळ मिळते. पुढच्या वर्षी एक डोंगर ओलांडावा लागतो. त्याच्या पुढच्या वर्षी दोन. कष्ट वाढतात आणि गाठोडे हलके होत जाते. शेवटी रानही रिकामे आणि हातही रिकामा.

१९९० साली सर्पगंधेचे नाव जगाच्या व्यापार-निर्बंधांच्या यादीत गेले. रानातून उपटलेले मूळ परदेशी पाठवण्यास आपल्या सरकारनेही बंदी केली. लागवडीचा माल असेल तर तसा दाखला लागतो. कायदा झाला, हे बरे झाले. पण औषधाची गरज कायद्याने थांबत नाही. मूळ रानातून घ्यायचे नाही, तर ते शेतात पिकवले पाहिजे. आणि शेतात पिकवायचे तर रोपे पाहिजेत.

सह्याद्रीतल्या नरक्याचीही अशीच गत. नरक्या हे मोठे झुडूप किंवा लहान झाड. कॅन्सरवरच्या औषधाला लागणारे कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य त्याच्यात असते. हे द्रव्य १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी चीनमधल्या एका झाडातून शोधून काढले. वाणी हे मूळचे आपल्या शेजारच्या नंदुरबारचे. १९७२ साली तेच द्रव्य आपल्या नरक्यात भरपूर असल्याचे भारतातल्या शास्त्रज्ञांनी दाखवले. त्यानंतर सह्याद्रीत नरक्याच्या खोडांवर आणि मुळांवर कुऱ्हाड चालू लागली.

बी का टाकू नये?

तुम्ही विचाराल, "गुरुजी, एवढे कशाला? बी गोळा करावे, वाफ्यात टाकावे, रोपे होतील." प्रश्न रास्त आहे. सर्पगंधेचे बी टाकता येते, पण तिच्या बीला टणक कवच असते. काही बिया लवकर उगवतात, काही महिनाभराने, काही मुळीच नाही. पुष्कळदा निम्म्यासुद्धा उगवत नाहीत. बी जुने झाले तर आणखी कमी. शिवाय बियांपासून झालेली सगळी रोपे सारखी नसतात. आंब्याच्या कोयीचे आपल्याला ठाऊकच आहे. गोड आंब्याची कोय लावली तरी झाड आंबट निघू शकते. तसेच इथे. एका रोपाच्या मुळात औषध जास्त, दुसऱ्याच्या कमी.

मुळाचे तुकडे लावूनही सर्पगंधा येते. पण मग पेच पडतो. जे मूळ विकायचे, तेच लावायचे. विकावे तर लागण कशाची करावी, आणि लावावे तर खावे काय? खोडाच्या काड्या लावल्या तर काही जगतात, काही कुजतात. म्हणून शास्त्रज्ञ या झुडपाच्या शेंड्याकडे आणि पानांच्या बगलेतल्या डोळ्यांकडे वळले. डोळा काढला तरी आईझाड जागेवर उभे राहते. त्याचे मूळ जमिनीतच राहते.

एवढ्याशा तुकड्यात झाड कुठून येते?

भिंतीची एक वीट काढली तर त्या विटेतून घर उगवत नाही. पण झाडाच्या पेशीत अख्ख्या झाडाचा नकाशा असतो. पानाची पेशी असो की खोडाची, मूळ कसे करायचे, फूल कसे करायचे, हे सगळे तिच्यात लिहिलेले असते. योग्य खाऊ आणि योग्य इशारा मिळाला, की त्या नकाशाप्रमाणे ती कामाला लागते.

ही कल्पना १९०२ साली ऑस्ट्रियातले शास्त्रज्ञ हाबरलांट यांनी मांडली. त्यांनी पेशी काढून खाऊ घातला. पेशी जगल्या, पण त्यांची वाढ होऊन रोप झाले नाही. १९५७ साली अमेरिकेत स्कूग आणि मिलर यांनी त्याची किल्ली दाखवली. झाडाच्या अंगात वाढीची द्रव्ये असतात. त्यांतल्या दोन प्रकारच्या द्रव्यांचे प्रमाण बदलले, की त्याच तुकड्याला कधी कोंब फुटतात, तर कधी मुळ्या. १९५८ साली स्टुअर्ड यांनी गाजराच्या पेशींपासून गाजराचे पुरे रोप करून दाखवले. १९६२ साली मुराशिगे आणि स्कूग यांनी झाडाच्या खाऊचे एक प्रमाण ठरवून दिले. ते आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात.

आपला देशही यात मागे नव्हता. धोतरा सगळ्यांना माहीत आहे. महादेवाला वाहतात तो. धोतरा विषारी आहे, तसाच औषधीही आहे. १९६४ साली दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या फुलातील परागाची पिशवी बाटलीत ठेवली आणि नुसत्या परागकणांपासून रोपे मिळवली. असे जगात पहिल्यांदाच झाले.

पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिथे रजनी नाडगौडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली हळदीची रोपे बाटलीत झपाट्याने वाढवण्याची रीत प्रसिद्ध केली. बांबूला फुलावर यायला कित्येक वर्षे लागतात. १९९० साली याच प्रयोगशाळेत बांबूच्या बाटलीतल्या कोवळ्या रोपांना फुले आणली, तेव्हा जगभर तिचे नाव झाले. मुंबईला ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही सर्पगंधेचे कोंब बाटल्यांत वाढवले गेले. तिथल्या रोजा आणि हेबळे या शास्त्रज्ञांनी अशा रोपांमधली औषधी द्रव्ये तपासून १९९६ साली त्याची माहिती छापली. हे तपासणे जरुरीचे असते. रोप हिरवेगार दिसले आणि त्यात औषधच उतरले नाही, तर त्याचा काय उपयोग?

बाटलीत काय असते?

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू.

पहिली पायरी आईझाडाची निवड. ज्या झुडपापासून रोपे करायची ते निरोगी पाहिजे आणि त्याच्या मुळात औषध भरपूर पाहिजे. आई निवडण्यात चूक झाली, तर पुढे हजारो रोपांत तीच चूक उतरते.

दुसरी पायरी धुण्याची. डोळ्यासकट खोडाचा एक-दोन सेंटिमीटरचा तुकडा घेतात. वाहत्या पाण्यात आणि साबणाच्या पाण्यात धुतात. मग जंतू मारणाऱ्या औषधात काही मिनिटे बुडवून उकळलेल्या शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा धुतात. ही औषधे विषारी असतात. ती प्रयोगशाळेतच वापरायची.

तिसरी पायरी खाऊची. पाण्यात नत्र, स्फुरद, पालाश, चुना, लोह, जस्त अशा क्षारांची ठरलेली मात्रा घालतात. त्यात जीवनसत्त्वे आणि वाढीची द्रव्ये घालतात. एका लिटरला सुमारे ३० ग्रॅम साखर घालतात. साखर कशाला? बाटलीतला तुकडा उघड्यावरच्या झाडासारखे स्वतःचे अन्न पुरेसे तयार करू शकत नाही, म्हणून त्याला तयार अन्न द्यावे लागते. शेवटी अगर-अगर घालतात. हा समुद्रातल्या शेवाळापासून काढलेला पदार्थ. त्याने खाऊ खरवसासारखा घट्ट होतो आणि तुकडा त्यात उभा राहतो.

चौथी पायरी शुद्धतेची. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला तर काय होते, हे घरातल्या बायाबापड्यांना सांगायला नको. दोन दिवसांत बुरशी येते. बाटलीतला खाऊ तर गोड आणि ओला. बुरशीला आयती पंगतच. म्हणून खाऊ भरलेल्या बाटल्या मोठ्या कुकरमध्ये वाफेच्या दाबाखाली ठेवतात. १२१ अंश उष्णतेत १५ ते २० मिनिटे. मग गाळलेल्या हवेचा झोत सोडणाऱ्या कपाटासमोर बसून, हात स्वच्छ करून, चिमटा आणि सुरी ज्योतीवर तापवून तुकडा बाटलीत ठेवतात. ठेवताच झाकण बंद. हे काम नाजूक आहे. प्रयोगशाळांतून ते पुष्कळदा बाया-मुली करतात. हात हलका आणि लक्ष स्थिर पाहिजे.

पाचवी पायरी खोलीची. बाटल्या मांडणीवर ठेवतात. खोलीत उष्णता सुमारे २५ अंश. दिव्यांचा उजेड रोज १६ तास, मग ८ तास अंधार. तिथे ना उन्हाळा, ना पावसाळा. चार-सहा आठवड्यांत एका डोळ्याचे अनेक कोंब होतात. ते वेगळे करून नव्या बाटल्यांत लावतात. पुरेसे कोंब झाले, की खाऊतली वाढीची द्रव्ये बदलतात आणि मग मुळ्या फुटतात.

थोडा हिशेब

कागद-पेन्सिल घ्या. समजा, एका कोंबाचे ५ आठवड्यांत ४ कोंब होतात. हे प्रमाण आम्ही हिशेबापुरते धरले आहे. पहिल्या फेरीला ४. दुसऱ्या फेरीला ४ चोक १६. तिसरीला ६४. चौथीला २५६. पाचवीला १,०२४. सहावीला ४,०९६. सहा फेऱ्यांना ३० आठवडे, म्हणजे सुमारे सात महिने लागले. त्यांतले चौथा हिस्सा कोंब बुरशीने गेले असे धरा. तरी ३,०७२ उरतात. एका डोळ्याचे तीन हजार कोंब झाले, आणि आईझाड रानात होते तसेच उभे आहे.

तुम्ही म्हणाल, मग फेऱ्या वाढवीत नेऊ, लाख करू, कोटी करू. तसे करीत नाहीत. फार फेऱ्या झाल्या, की मधूनच एखादे रोप आईसारखे न निघता वेगळे निघू लागते. नकलेची नक्कल काढीत गेले म्हणजे कुठे तरी अक्षर चुकतेच. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा फेऱ्यांची संख्या ठरवून ठेवतात आणि पुन्हा आईझाडाकडे जातात.

बाहेरची हवा

बाटलीतले रोप लाडात वाढलेले असते. त्याला वारा माहीत नाही, ऊन माहीत नाही. बाटलीत हवा दमट, म्हणून पानावर मेणाचा थर नीट धरत नाही. पानाला बारीक भोके असतात. उन्हात ती मिटून घेऊन पाणी राखायचे असते. बाटलीतल्या पानाला तीही सवय नसते. असे रोप एकदम शेतात नेले तर दुपारपर्यंत माना टाकते.

म्हणून त्याला हळूहळू कणखर करतात. रोपवाटिकेतले लोक याला हार्डनिंग म्हणतात. आधी मुळ्यांना चिकटलेला गोड खाऊ धुऊन काढतात. मग नारळाच्या भुश्शात लावून दमट, झाकलेल्या जागी ठेवतात. दिवसेंदिवस दमटपणा कमी करतात. मग हिरव्या जाळीच्या सावलीत. मग पिशवीत, थोड्या उन्हात. यात कित्येक आठवडे जातात. पुष्कळ रोपे इथेच दगावतात. घाई करून स्वस्तात विकलेले कच्चे रोप शेतात मरते, आणि दोष मात्र शेतकऱ्याच्या पाण्याला दिला जातो.

डाळिंबाने शिकवलेला धडा

आपल्या जिल्ह्यात या रीतीचा मोठा अनुभव डाळिंबाने दिला. डाळिंब हेही झुडूपच. त्याची साल जुलाबावर घरोघरी वापरतात. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागात डाळिंबाच्या बागांनी पुष्कळ घरे उभी केली. मग २००० नंतरच्या दशकात तेल्या रोग पसरला. पानांवर आणि फळांवर तेलकट डाग पडत, फळे तडकत. बागा उपटाव्या लागल्या. कर्जे मात्र राहिली.

हा रोग जंतूंचा. रोगी बागेतल्या फांदीवर गुटी बांधली, तर गुटीबरोबर रोगही नव्या शेतात गेला. शेजाऱ्याने विश्वासाने दिलेली गुटी होती, पण डोळ्यांना जंतू दिसत नाहीत. यावर एक उपाय म्हणून तपासलेल्या निरोगी आईझाडापासून बाटलीत केलेली रोपे आली. जळगाव जिल्ह्यात केळीच्या ग्रँड नैन जातीची अशी रोपे १९९० नंतरच रुळली होती. तोच मार्ग डाळिंबाने धरला.

मात्र एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. बाटलीतले रोप रोगमुक्त येते. याचा अर्थ त्याला पुढे रोग होणार नाही असा नाही. आंघोळ करून आलेला मुलगा चिखलात खेळला तर पुन्हा मळतोच. शेजारी रोगी बाग असेल, कात्री धुतली नसेल, तर नव्या रोपालाही तेल्या होतो. आणखी एक गोष्ट. एका आईची सगळी रोपे तंतोतंत सारखी असतात. एकीला जो रोग बाधतो तो सगळ्यांना बाधतो. म्हणून सर्पगंधेसारख्या झुडपांची रोपे करताना एकच आई न घेता वेगवेगळ्या ठिकाणच्या अनेक चांगल्या आया घ्याव्यात.

कोणाला बाटली, कोणाला नुसती काडी?

प्रत्येक औषधी झुडपाला प्रयोगशाळा लागत नाही. अडुळशाची काडी पावसाळ्यात बांधावर खोचली तरी फुटते. निर्गुडीचेही तसेच. शतावरी बियांपासून होते. अशा झाडांची बाटलीतली रोपे पैसे देऊन आणणे म्हणजे नदीकाठी राहून पाणी विकत घेणे.

बाटली कुठे उपयोगी? जिथे बी नीट उगवत नाही. जिथे लावायचा भाग आणि विकायचा भाग एकच आहे. जिथे रानात थोडीच झाडे उरली आहेत आणि त्यांना हात लावणे बरे नाही. जिथे औषधाने भरलेली एक चांगली जात मिळाली आहे आणि तिची हजारो रोपे लवकर हवी आहेत. सर्पगंधा या चारही कसोट्यांना उतरते.

रोपे घेण्यापूर्वी

औषधी पिकांच्या नावाने आजवर पुष्कळ शेतकऱ्यांची फसगत झाली आहे. गोड बोलून महाग रोपे गळ्यात मारली, "माल आम्हीच घेऊ" असे सांगितले, आणि माल तयार झाला तेव्हा घेणारा गावात दिसला नाही. म्हणून चार गोष्टी विचाराव्यात.

एक. या रोपांची आई कोणती? तिच्या मुळात औषध किती, याची तपासणी झाली आहे का?

दोन. प्रयोगशाळेला मान्यता आहे का? केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली ऊतीसंवर्धित रोपांना प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था सुरू केली. असा दाखला आहे का, हे विचारावे.

तीन. रोपे कणखर केलेली आहेत का? पिशवीत किती दिवस झाले?

चार. माल कोण घेणार, कोणत्या भावाने, आणि नाही घेतला तर काय? हे सगळे कागदावर पाहिजे. कागद हातात आला, की सही करण्यापूर्वी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. बारीक अक्षर तर आधी वाचावे. पूर्वी अंगठा उठवणाऱ्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागे. आता अक्षर आपल्या हाती आले आहे. ते अशा वेळी कामाला आणायचे.

औषधी झाडांच्या लागवडीची माहिती देण्यासाठी २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन झाले आहे. तालुक्याच्या कृषी कार्यालयात जाऊन विचारपूस करावी. आणि सर्पगंधा लगेच पैसा देणारे पीक नाही. तिला दोन-तीन वर्षे द्यावी लागतात. आधी एका गुंठ्यात लावून पाहावे. आपल्या जमिनीत ती येते का, हे तिलाच विचारावे.

एक सूचना फार महत्त्वाची. सर्पगंधा दारात आली म्हणून मूळ उगाळून घेऊ नये. मात्रा चुकली तर रक्तदाब फार उतरतो. मन उदास होते. गरोदर बाईला तर हे मूळ मुळीच देऊ नये. रक्तदाबाला आज दुसरीही औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत.

रान राहिले पाहिजे

आता कोणी म्हणेल, बाटलीत रोपे होतात, मग रानाची काळजी कशाला? याचे उत्तर आपल्या अंजनेरीच्या डोंगरावर आहे. तिथे खरपुडीच्या जातीची एक वनस्पती आहे. कंदिलासारखी फुले येतात म्हणून हिला आणि हिच्या बहिणींना कंदीलपुष्पे म्हणतात. शास्त्रज्ञांनी २००६ साली तिची वेगळी जात म्हणून नोंद केली आणि डोंगरावरूनच तिचे नाव ठेवले. खरपुडीच्या दुर्मीळ जातींची रोपे बाटलीत करण्याचे प्रयोग पुण्या-कोल्हापूरच्या विद्यापीठांत झाले आहेत. पण रोप बाटलीत झाले तरी अंजनेरीचा कडा बाटलीत होत नाही. तिथले धुके, तिथली माती, फुलावर येणारी चिलटे, हे सगळे कुठल्या खाऊतून तयार करणार? रान गेले तर बाटलीतल्या रोपाला परत जायला घर उरत नाही. आणि नव्या रोपांसाठी निरोगी, वेगवेगळ्या आया हव्या असतील, तर त्या शेवटी रानातच मिळणार.

वनात राहणाऱ्यांना गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क २००६ च्या कायद्याने दिला आहे. हक्काबरोबर राखणही आली. ग्रामसभेत बसून ठरवता येते, की या डोंगरावर मूळ खणायचे नाही. पान घ्या, फळ घ्या, आणि तेही थोडे मागे ठेवून घ्या. मूळ पाहिजे त्याने ते शेतात लावावे.

प्रयोगशाळेतली बाटली, शेतकऱ्याचा वाफा आणि गावाची राखण, ही तिन्ही मिळून काम होईल. यांतले एक जरी निसटले, तरी बाकीच्या दोघांचे कष्ट वाया जातील.

वर्गात बोला आणि लिहा

१. सर्पगंधेचे औषध पानात असते तर काय फरक पडला असता?

२. एका कोंबाचे दर फेरीला ३ कोंब होतात. पाच फेऱ्यांनंतर किती कोंब होतील?

३. तुमच्या डोंगरावर कोणती झाडे पूर्वी दिसत आणि आता दिसत नाहीत? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यांची नावे वहीत लिहा.